कप, बशी आणि तांबी

३ फेब्रुवारी, सोमवार
गादीवर डाग पडला.

लग्नाचं गिऱ्हाईक होतं, धारवाडचं, सहा बायका. आधी इरकल, मग कांजीवरम, मग पुन्हा इरकल. अकरापासून मी मांडी घालून पांढऱ्या गादीवर. पा. दुसरा दिवस. दोन पॅड एकावर एक लावलेली, तरीसुद्धा. दीड वाजता वरच्या कप्प्यातली साडी काढायला उठले आणि नवरीच्या आईनं पाहिलं. आधी गादीकडे, मग माझ्याकडे. मुलीला म्हणाली, "एळ, एळ." सगळ्या उठल्या. साड्या पसरलेल्या तशाच.

अण्णा म्हणजे मालक, ते काही बोलले नाहीत. बोलायला त्यांची बायको आली. वहिनी. खोळ काढून नळावर नेली, मीच धुतली. दुकानातलीच महादेवी बादली उचलायला पुढं झाली तर वहिनी म्हणाल्या, "तिचं तिला धुऊ दे."

दुपारपासून मी माळ्यावर. लेकीच्या, समताच्या मागच्या वर्षीच्या वहीत बरीच पानं कोरी आहेत. ती आता माझी.

४ फेब्रुवारी, मंगळवार
वहिनींनी काउंटरमागच्या कॅलेंडरवर तारखा लिहून घेतल्या. आम्ही चौघी बायका रांगेत उभ्या. "तुझी कितीला येते गं?" नाव आणि पुढे आकडा. तेवढे चार दिवस गादीवर बसायचं नाही. माळ्यावर घड्या घालायच्या, फॉल लावायचे, खोकी बांधायची.

सहा वर्षं ह्या गादीवर बसते मी. कुंदगोळच्या बायका दारातूनच विचारतात, "सुनीता इल्लेन्री?" आता महिन्यातले चार दिवस उत्तर, नाहीत.

५ फेब्रुवारी, बुधवार
माळा. पत्रे. डोकं दुखतंय.

मागं मालकांचं घर, घरात संडास. महादेवीला तिथं जाऊ देतात. मी एकदाच विचारलं होतं, पहिल्या वर्षी. "अगं, वाट आमच्या देवघरावरून जाते ना." महादेवीसाठी वाट वेगळी नाही. माझं आडनाव त्यांनी पहिल्याच दिवशी विचारून घेतलं होतं, त्यानंतर पुन्हा कधी विचारावं लागलं नाही.

म्हणून मी समोरच्या कॉम्प्लेक्समधे. किल्ली मागायची, बादली भरून न्यायची, रस्ता ओलांडायचा. दिवसातून दोनदा जमतं. तिसऱ्यांदा अण्णा घड्याळाकडे बघतात.

९ फेब्रुवारी, रविवार
शोभाक्काकडे. माहेरच्या गल्लीतली, आता विद्यानगरात एका नर्सिंग होममधे नर्स. चार वर्षांपूर्वी मूल राहू नये म्हणून तांबी बसवायला तिच्याकडेच गेले होते. ती, तिथल्या डॉक्टर मॅडम आणि मी, तिघींनाच माहीत.

तिला म्हटलं, तांबी बसवल्यापासून अंगावर फार जातं. पॅड पुरत नाहीत. म्हणाली, आत ठेवायचं वापर. पुन्हा पुन्हा धुऊन वापरता येतं. दोन प्रकार तिनं टेबलावर ठेवले. एक कप, रबरासारखा, खाली दांडी. दुसरी डिस्क, चपटी, पसरट.

मी म्हटलं, "कप आणि बशी."

हसली, मग नर्ससारखी बोलायला लागली. कप घडी करून आत घालायचा, तिथं तो उघडतो आणि हवा धरून बसतो. काढताना बूड दाबून आधी हवा सोडायची. बशी हवा धरत नाही, वर गर्भाशयाच्या तोंडाखाली आणि पुढं हाडामागं अडकवायची. जास्त मावतं. पण काढताना सांडते, हात मनगटापर्यंत माखतो.

"तुला तांबी आहे. तुझ्यासाठी बशी बरी. कप ओढताना तांबीचा दोरा धरला तर तांबी खाली येईल."

पण तिच्याकडची बशी नुसती दाखवायची होती. मागवावी लागणार. पार्सल घरी येणार, आत्ती उघडणार. आत्ती माझ्या सासूबाई, समताच्या पुस्तकांचं पार्सलसुद्धा त्या आधी फोडतात. दुकानात मागवलं तर वहिनी.

कप मात्र नवा, डबीतला, तिच्या कपाटात होता. आणि कॉम्प्लेक्समधे एका बादलीत मनगटापर्यंत हात कुठं धुणार?

कप घेतला. निवड म्हणायचं तर ही अशी झाली.

"मॅडमना सांगून दोरा आखूड करून घे आधी," शोभाक्का दोनदा म्हणाली.

१७ फेब्रुवारी, सोमवार
दोरा कापून घ्यायला जायचं होतं. अर्धा दिवस मागितला. अण्णा म्हणाले, लग्नसराई संपू दे.

२ मार्च, रविवार
पा. पहिला. सकाळी सगळे बाहेर. माझा नवरा विलास समताला घेऊन बाजारात, आत्ती खाली शेजारी.

पाऊण तास न्हाणीघरात. घडी केली की सुटतो, बोटांतून उडतो. एकदा बादलीत पडला, एकदा दारावर आपटला. रडायला आलं, मग हसायला. शेवटी गुडघ्यावर बसून, दात आवळून. बसला.

बसला ते कळलंच नाही. तेच तर.

३ मार्च, सोमवार
वहिनींनी कॅलेंडर बघितलं. "आली का?" म्हटलं, "नाही." चेहरा सरळ ठेवून.

गादीवर बसले. दहा ते अडीच. उठले, साडी मागून बघायची सवय म्हणून बघितली. कोरी. कॉम्प्लेक्समधे जाऊन ओतला, धुतला, परत घातला. पुन्हा साडेसातपर्यंत.

शाळेत असल्यापासून ह्या दिवसांत मी एवढी सरळ बसले नव्हते. कुणाला सांगणार? महादेवीला सांगितलं. ती म्हणाली, "अय्यो, आत हरवलं तर?"

६ मार्च, गुरुवार
आज घरात तमाशा.

कप उकळायला ठेवला होता, शेजारणी देवदर्शनाला आणि आत्ती भाजीला जातात त्या वेळी. (आम्हाला देव नाही, भाजीच.) लवकर परत आल्या. झाकण काढलं.

"हे काय शिजवतेस?"

सांगितलं. खोटं कुठवर बोलणार?

"विलासचं दूध तापतं ह्या पातेल्यात! पावडरीचं!" तो रोज दुधातून ॲसिडिटीची पावडर घेतो. पातेलं मोरीत आपटलं. मग हळू आवाजात, "आणि हे आत घालतेस? मूल राहायचं तिथं रबर घालतेस?"

त्या तसं बोलल्या हे बऱ्याच दिवसांनी. दोन वर्षांपूर्वीपर्यंत ह्याच विषयावर उठणं-बसणं होतं. दुसरं कधी, दुसरं कधी. अळणावरच्या कुठल्या बाईकडून काढा आणायच्या. तांबी आत आणि वरून मी तो कडू काढा रोज सकाळी प्यायचे. नंतर एकदम थांबल्या. मला वाटलं, म्हातारी थकली.

वि. संध्याकाळी आला. आत्तींनी दारातच सांगितलं. त्यानं मला एवढंच विचारलं, "दुखत नाही ना?"

७ मार्च, शुक्रवार
स्टीलची छोटी लोटी आणली. फक्त त्यासाठी. आत्तींनी तिच्यावर नेलपॉलिशनं फुली मारली, चुकून कुणी पाणी पिऊ नये म्हणून.

२९ मार्च, शनिवार
पा. दुसरा. उद्या उगादी, परवा रमजान ईद. दुकानात पाय ठेवायला जागा नाही. सकाळी दहाला घातलेला कप अडीचपर्यंत काढता आला नाही. भरला, कळत होतं. मांड्या आवळून साड्या दाखवत होते.

तीनला कॉम्प्लेक्स. आज बाहेर रांग. मी आत, बाहेर कुणीतरी दार वाजवतंय, लवकर या म्हणून. "लगू बर्री! लगू!" लहान मूल रडतंय. बूड दाबायचं राहिलं की दाबलं तरी हवा सुटली नाही, आता सांगता येत नाही. ओढला.

कळ आली ती थेट कंबरेपर्यंत. दोन मिनिटं भिंतीला धरून उभी.

परत येऊन गादीवर बसले. हातात मोरपंखी साडी होती. बाईला म्हटलं, "हा रंग तुम्हाला शोभतो." माझाच आवाज लांबून येत होता.

३० मार्च, रविवार
दुकान बंद. बोट लावून बघितलं. दोऱ्याच्या शेवटी टोक लागतंय. टणक. असं लागायला नको.

१ एप्रिल, मंगळवार
शोभाक्का. मॅडमनी बघितलं. अर्धी खाली आलेली. काढावी लागली. एक मिनिटाचं काम. ट्रेमधे ठेवली, एवढीशी, इंग्रजी टी. चार वर्षं हिच्या जिवावर...

मॅडम: "कपनंच झालं असेल. दोरा का नाही कापून घेतला?"

काय सांगू? लग्नसराई होती म्हणून?

नवी पुढच्या पाळीत, दुसऱ्या दिवशी या, म्हणाल्या. तोवर सांभाळा. शोभाक्का बाहेरपर्यंत आली. "नवऱ्याला सांग आता तरी. चार आठवडे काय सांगून ढकलशील?"

घरी येताना बसमधे समताच्या वेळचं आठवत होतं. रक्ताच्या तीन बाटल्या. तिसरी मिळत नव्हती, माझा भाऊ वणवण फिरला. डॉक्टर म्हणाले होते, पुढच्या वेळी काय होईल सांगता येत नाही. वि. तिथंच उभा होता.

१० एप्रिल, गुरुवार
सांगितलं.

वि. कॉलेजात लॅब अटेंडर, आज त्याला सुट्टी. समता खाली खेळत होती, आत्ती बाहेर गेलेल्या. तो जवळ आला. मी म्हटलं, "नको." आठवडाभर हेच चाललंय. त्यानं विचारलं, "झालंय काय?"

"तांबी निघाली."

"कसली तांबी?"

सगळं सांगितलं, पहिल्यापासून. चहा गार झाला. तो ओरडेल असं वाटलं होतं. ओरडला असता तर बरं झालं असतं. उठला, लोखंडी कपाटातून एक पाकीट काढलं. लॅबचा रिपोर्ट. त्याचा. दोन वर्षांपूर्वीचा.

"सगळं बरोबर आहे असं लिहिलंय ह्यात," म्हणाला. "मला वाटलं, लॅबवाले चुकले. म्हणून धारवाडच्या वैद्याकडे गेलो. ती पावडर ॲसिडिटीची नाही."

मी रिपोर्ट हातात घेतला.

"आईला सांगितलं, दोष माझ्यात आहे. तुझा काढा मी बंद करायला लावला."

म्हणजे आत्ती थकल्या नव्हत्या.

मग मीही बोलले. "रक्ताच्या तीन बाटल्या आठवतात? मी तुम्हाला म्हटलं होतं, दुसरं नको, मला भीती वाटते. तेव्हा तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणालो?"

"दुसऱ्या वेळी असं होत नाही, म्हणालात."

त्याला आठवत नाही. खरंच आठवत नाही. मी चार वर्षं त्या एका वाक्यावर काढली आणि ते त्याला आठवत नाही.

मला दुकानाला उशीर झाला होता. चप्पल घालताना म्हणाला, "मित्र चेष्टा करायचे, सुनीता." एवढंच.

१४ एप्रिल, सोमवार
जयंती. पांढरी साडी. समतानं निळा फ्रॉक घातला, मिरवणुकीत पुढं पुढं. वि. दरवर्षी नाचतो. आज झेंडा धरून कडेनं चालला.

आत्तींना त्यानं सांगितलेलं नाही. सकाळी त्यांनी रोजच्यासारखं पावडरीचं दूध त्याच्यापुढं ठेवलं. त्यानं माझ्याकडे बघत बघत सगळं प्यायलं. पेला उलटा करून ठेवला.

मी त्याला फसवलं. हे लिहायला मला चार दिवस लागले. मला मरायचं नव्हतं, हेही खरं. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही एका घरात मावत नाही.

२० एप्रिल, रविवार
बशी आली. महादेवीच्या कमरीपेठेतल्या पत्त्यावर मागवली होती. तिनं पदराखालून दिली. हे फेब्रुवारीत सुचलं असतं तर. तेव्हा महादेवीला विचारायची लाज वाटली होती.

घरी घालून बघितली, कोरडीच. कपापेक्षा सोपी. मधे दाबायची, मागं सरकवायची, पुढची कड हाडामागं. जागा चुकली तर टोचते, बसली तर काही नाही. दोन्ही डब्या आता माझ्या कपाटात शेजारी शेजारी. नवी तांबी बसली तर बशीच. नाही बसली तर दोन्हींपैकी काहीही चालेल.

नाही बसली तर, असं मी का लिहिलं?

२३ एप्रिल, बुधवार
वहिनी कॅलेंडर घेऊन आल्या. गिऱ्हाईक नव्हतं, पण सगळा स्टाफ होता.

"दोन महिने तुझ्या नावापुढं खूण नाही. काय गं, गोड बातमी का? आधीच सांगते, बाळंतपणाची रजा आपल्याकडे नाही."

महादेवी खाली बघायला लागली. मी हो म्हटलं असतं तर हकालपट्टी, तारीख पुढं गेली म्हटलं असतं तर पुन्हा पुढच्या महिन्यात तेच. आणि खोटं बोलून दमले होते मी. म्हटलं, "पाळी येते वहिनी, वेळेवर येते. मी कप वापरते. आत राहतो. बाहेर काही येत नाही, डाग नाही, वास नाही. तुम्हाला दोन महिने कळलं का?"

त्यांचा हात छातीवर गेला. "म्हणजे त्या दिवसांत तू इथं गादीवर बसलीस? देवाच्या फोटोसमोर?"

ह्या विषयावर अण्णांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. "विश्वासानं ठेवलं होतं तुला."

गादीवर डाग पडला म्हणून माळा होता ना? आता डाग नाही तरी माळा. चार दिवस नाही, पुढचं कळवेपर्यंत. गादीवर महादेवी बसली. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. तिच्या जागी मीही बघितलं नसतं.

२४ एप्रिल, गुरुवार
फॉल लावले, चौदा. कुंदगोळची बाई आली होती म्हणे. तिला सांगितलं, सुनीता आजारी आहे.

२७ एप्रिल, रविवार
पा. पहिला. सकाळी बशी घातली. शोभाक्काला फोन केला, ती म्हणाली, उद्या दहाला ये, मॅडम आहेत.

वि.ला सांगितलं. ह्या वेळी लपवायचं नाही असं ठरवलं होतं. "उद्या नवी बसवायला चाललेय."

तो समताच्या सायकलची चेन लावत होता. वंगण पुसलं, हात धुतले, पुन्हा धुतले.

२८ एप्रिल, सोमवार
साडेआठ. समता शाळेला गेली. आत्ती खाली. मी तयार होऊन बसले होते, फाइल पिशवीत.

वि. दारात उभा राहिला. कॉलेजला निघालेला, डबा हातात. म्हणाला, "एक विचारू?"

"विचारा."

"त्या दिवशी... ती तांबी. घाईत चुकून निघाली, की तूच ओढलीस?"

मला आधी कळलं नाही. मग कळलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो वाट बघत होता. मी एकदा तरी, एका क्षणापुरतं, आतून ते मूल मागितलं होतं, एवढं त्याला ऐकायचं होतं. तेवढ्यावर तो सगळं सोडून देईल, चार वर्षं, पावडर, मित्रांची चेष्टा. दिसत होतं ते.

दार वाजवणारी ती बाई, रडणारं मूल, बादली, ओढलं तेव्हाची कळ, सगळं तोंडाशी आलं.

"संध्याकाळी सांगते," म्हटलं.

तो मान हलवून गेला. जिना उतरताना मधेच थांबल्यासारखा वाटला, मग पुढं पावलं ऐकू आली.

आता सव्वानऊ. विद्यानगरची बस साडेनऊला. दहाला मॅडमकडे तरी पोचेन. संध्याकाळचं काय ते, खरं सांगायचं की त्याला हवं ते, बसमधे ठरवीन.